कर्करोगापेक्षा सुरकुती लवकर पटते

नवतपा, पारा ४५ च्या वर. दुपारी सीताबर्डीत पाहावं तर ज्याचा-त्याचा चेहरा दुपट्ट्यात, नुसते डोळे उघडे. अशा नागपुरात बसून, कुणी पैसे देऊन कातडी रापवून घेतं हे पटत नाही. पण युरोप-अमेरिकेत तरुण मुलं अतिनील दिव्यांच्या पेटीत झोपून त्वचा तांबूस करून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये हे दिवे तंबाखूच्याच गटात टाकले, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांच्यावर बंदी घातली.

मुलांना मात्र ते पटेना. विसाव्या वर्षी कर्करोग फार लांबचा वाटतो. मग अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे चेहरे अतिनील कॅमेऱ्याने टिपले. आरशात नितळ दिसणाऱ्या गालांवर काळे ठिपके आणि चट्टे उमटले. उन्हाने आणि दिव्यांनी आत करून ठेवलेलं नुकसान ते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात, स्वतःचा फोटो पाहिलेल्यांनी पुढच्या काही आठवड्यांत पेटीचा वापर बराच कमी केल्याचं सांगितलं.

हे वाचताना मला आपल्याकडच्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूब आठवल्या. हौस उलटी, पण घाई तीच. त्यातल्या कितीतरी ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असतं. हे तिन्ही मिळून वांगावरचं, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळसर डागांवरचं औषध, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजके आठवडे. लग्न ठरलं, मैत्रिणीने सांगितलं, म्हणून महिनोन्‌महिने फासायचं नव्हे.

मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते रक्तवाहिन्या आक्रसवतं, रंगद्रव्य कमी करतं, म्हणून सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो आणि विश्वास बसतो. त्याच वेळी कोलाजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, तयार होणं मंदावतं, कातडी पातळ होते. पुढे लाल रेषा, पुरळ, गालांवर लव. ट्यूब सोडली की चेहऱ्याची आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. अशा चेहऱ्यावर विदर्भाचं ऊन किती बोचत असेल! आणि ज्या मेलॅनिनने, त्वचेतल्या त्याच रंगद्रव्याने, आपल्याला या उन्हात सांभाळलं, तेच पुसायला आपण निघतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मला वाटतं, मेडिकलच्या काचेवर ‘अपायकारक’ एवढंच लिहून भागणार नाही. तिथे सहा महिने ट्यूब लावलेला गाल मोठा करून छापावा.

आणि आता लावत असाल, तर ट्यूब सोबत घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती सोडताना होणारी आग औषधाने आवरता येते.