जावात थ्रोज लिहिलं म्हणजे एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी गडबड) हँडल झालं?

"मेथडपुढे थ्रोज लिहा, मग प्रोग्राम क्रॅश होत नाही" हे नोट्समधून वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण थ्रोज लिहिल्याबरोबर कंपायलरची लाल एरर गायब होते.

पण गायब होते ती फक्त कंपायलरची तक्रार. थ्रोज ही नुसती घोषणा आहे, की या मेथडमधून अमुक एक्सेप्शन बाहेर येऊ शकतं, आता बोलावणाऱ्याने काय ते बघावं. त्याने कॅच करायचं नाहीतर त्यानेही थ्रोज लिहायचं, असं ढकलत ढकलत ते मेनपर्यंत, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडपर्यंत जातं आणि मेननेही थ्रोजच लिहिलं असेल तर पकडणारं कोणी उरतच नाही.

करून बघा ना. एका मेथडमध्ये थ्रो न्यू आयओएक्सेप्शन टाका, तिच्यावर आणि मेनवर थ्रोज लिहा, मेनमध्ये त्या कॉलखाली एक प्रिंट ठेवा. कंपाइल मस्त होईल, पण रन केल्यावर स्टॅक ट्रेस (एक्सेप्शन कुठून कुठे आलं त्याची यादी) येईल आणि ते प्रिंट काही दिसणार नाही. आता कॉलभोवती ट्राय-कॅच लावा, प्रिंट येतं.

आणि हो, नलपॉइंटरसारख्या अनचेक्ड एक्सेप्शनला (म्हणजे ज्याबद्दल कंपायलर तक्रारच करत नाही) तर थ्रोज लिहायची सक्तीच नाही, लिहा किंवा नका लिहू, ते तसंच बाहेर फेकलं जातं.