सोरायसिस शिवल्याने होतो का?

वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश सांगतो : सोरायसिस हा त्वचारोग स्पर्शाने पसरतो, रुग्णाचा टॉवेल वापरू नका.

हे खरे नाही. तरी भीती समजण्यासारखी आहे, कारण लाल चट्टा आणि त्यावरचे पांढरे पापुद्रे पाहिले की नायटाच आठवतो. नायटा बुरशीमुळे होतो आणि पसरतो. सोरायसिसमागे मात्र जंतू नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि साधारण महिनाभरात नवी होणारी त्वचा अवघ्या काही दिवसांतच वर ढकलली जाते. तोच थर साचून चट्टे बनतात. एकाच घरात दोघांना झाला तर कारण बहुधा आनुवंशिकता. खरचटलेल्या जागी नवा चट्टा उठतो तेव्हा रोग ‘पसरला’ असे वाटते, पण तो त्याच माणसाच्या अंगावर.

पडताळायचे कसे? कागदपत्रांतला निदानाचा कोड बघा. आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नायटा ‘बी ३५’, म्हणजे संसर्गजन्य रोगांत. चट्ट्यांचा सोरायसिस ‘एल ४०.०’, त्वचारोगांत. (एवढ्यावर थांबू नये, त्वचेचे काही जंतुसंसर्गही ‘एल’मध्येच आहेत.) निदान बहुतेकदा डॉक्टर नुसते पाहूनच करतात. शंका आली तर पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात, क्वचित बायोप्सी, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून तपासणी, करतात.

उपचारही तेच सांगतात : स्टिरॉइड मलम, ड जीवनसत्त्वासारखी मलमे, प्रकाशोपचार, आजार जास्त असल्यास मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारयंत्रणा शांत करणारे औषध. यांतले काहीही जंतू मारायला दिलेले नसते. उलट नायट्यावर नुसते स्टिरॉइड लावले तर तो फोफावतो. म्हणून मनाने मलम लावू नका. सोरायसिसच्या रुग्णाचा टॉवेल मात्र बिनधास्त वापरा.