विनिपेगच्या थंडीत इंजिन हीटर: रात्रभर लावायची गरज नाही

कॅनडातल्या विनिपेग, एडमंटनकडे नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात दोन सल्ले मिळतात. एक, ‘ब्लॉक हीटरची वायर रात्रभर प्लगला लावून ठेव.’ दुसरा, ‘आताच्या गाड्यांना हीटर लागतच नाही.’ दोन्ही सरसकट मानू नयेत.

ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनाला बसवलेला, विजेवर चालणारा हीटर. तो बहुधा इंजिनातल्या कूलंटला, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या द्रवाला, ऊब देतो. साधारण तीन-चार तासांत इंजिन जितकं तापायचं तितकं तापतं. पुढे जी वीज जाते ती फक्त बाहेरच्या थंडीशी झगडण्यात. ४०० वॅटचा हीटर दहा तास चालला तर ४ युनिट, तीन तास चालला तर १.२. म्हणून टायमर घ्याच आणि निघण्याआधी तीन तास सुरू होईल असा लावा.

नव्या गाड्यांबद्दलच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ०डब्ल्यू दर्जाच्या, म्हणजे थंडीत तुलनेने पातळ राहणाऱ्या, सिंथेटिक ऑइलची चाचणी उणे ३५ अंशांवर इंजिन फिरवण्यासाठी होते, त्यामुळे उणे १५ला चांगली बॅटरी असलेली पेट्रोल गाडी हीटरविना सुरू होते. उणे ३०ला मात्र गोष्ट वेगळी. ऑइल दाट होतं, नेमकी तेव्हाच बॅटरी कमजोर पडते, आणि थंड इंजिनाची झीज जास्त होते. तिथे हीटर लावाच.

बॅटरी मात्र या हीटरने तापत नाही, आणि डिझेल गाडीच्या टाकीतलं इंधनही नाही. जुनी बॅटरी हिवाळ्याआधी तपासून घ्या.