खुलासा : १८५७ची काडतुसं आणि दातांनी तोडण्याची गोष्ट

‘एनफिल्ड रायफल आली आणि शिपायांना काडतूस दातांनी तोडावं लागलं, म्हणून बंड झालं’ असं अजूनही सांगितलं जातं. काडतूस तोडणं मात्र जुनंच होतं. गुळगुळीत नळीच्या जुन्या मस्केट बंदुकीचं काडतूसही कागदाचीच पुंगळी असे. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते पितळी काडतूस नंतरचं. शिपाई पुंगळीचं शेपूट दातांनी फाडे, दारू नळीत ओती, मग गोळी गजाने ठासून बसवी.

नवी होती ती चरबी. १८५३च्या नमुन्याच्या एनफिल्डच्या नळीत आतून पीळदार खाचा होत्या. घट्ट बसणारी गोळी सहज खाली सरकावी म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लागे. ती चरबी कोणत्या जनावराची, याची चौकशीच झाली नव्हती. हा निष्काळजीपणा खराच, ती गाईची किंवा डुकराची असेल हा शिपायांचा संशय वेडगळ नव्हता.

आणखी एक गंमत. २४ एप्रिल १८५७ला मेरठमध्ये ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसं नाकारली. ती एनफिल्डची नव्हतीच, जुन्या पद्धतीची होती! तोवर कुठल्याच काडतुसावर कुणाचा भरवसा उरला नव्हता.