झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आणि पिकांची मुळे : दोष कणाचा की आयनाचा?

जस्त जास्त झाले की मुळे खुंटतात, हे खाणींच्या परिसरातल्या आणि मैलागाळ घातलेल्या जमिनींवरून आधीच माहीत होते. नॅनोकणांचा, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजायच्या अतिसूक्ष्म कणांचा, प्रश्न वेगळा म्हणून पुढे आला तो २००५ मध्ये, आणि तोही अ‍ॅल्युमिनावरून (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवरून). १३ नॅनोमीटरच्या कणांनी, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम या मात्रेत, मका, काकडी, सोयाबीन, कोबी आणि गाजर यांच्या मुळांची वाढ मंदावली. पुढच्याच वर्षी हरकत आली: विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम मुळांना एरवीही बाधते, मग दोष कणाचा कशावरून? हरकत रास्त होती, आणि त्यानंतर ती प्रत्येक धातू-ऑक्साइडच्या मानगुटीवर बसली.

झिंक ऑक्साइडचा पहिला मोठा अभ्यास २००७ चा. पद्धत जुनीच, विरघळणाऱ्या रसायनांसाठी ठरलेली: पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपर, त्यावर काही मिलिलिटर द्राव, बियाणे, अंधार, पाच दिवस. लिटरला २००० मिलिग्रॅम मात्रेत मुळांची वाढ जवळपास थांबली. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा मुळा या भाजीसाठी लिटरला सुमारे ५० आणि रायग्रास या गवतासाठी सुमारे २० मिलिग्रॅम निघाली. अंकुरणावर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. बीजावरणामुळे अंकुरणाची चाचणी बोथट ठरते, त्यामुळे केवळ उगवण मोजून 'सुरक्षित' म्हणणे चूकच.

खरा वाद पुढचा. २००८ मध्ये रायग्रास पाण्यात वाढवून पाहिले. मुळांची टोके आक्रसली, बाहेरच्या पेशी कोसळल्या, कण मुळांना चिकटलेले दिसले. शेंड्याकडे जस्त फारच कमी गेले. पाण्यात विरघळलेले जस्त एवढ्या इजेला पुरेसे नव्हते, म्हणून दोष कणाला दिला गेला. पण २००७ मध्येच गोड्या पाण्यातल्या शैवालावर नॅनो झिंक ऑक्साइड, साधी पूड आणि झिंक क्लोराइड शेजारी-शेजारी तपासले होते. तिन्हींची विषारी मात्रा सारखीच निघाली, लिटरला सुमारे ६० मायक्रोग्रॅम जस्त. तिथे सगळा दोष आयनाचा, म्हणजे पाण्यात विरघळून सुटलेल्या जस्ताचा.

दोन्ही निष्कर्ष मोजणीच्या पद्धतीवर टेकलेले आहेत. द्राव सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून) ०.२ मायक्रॉनच्या, म्हणजे २०० नॅनोमीटरच्या, फिल्टरने गाळले, तर ३० नॅनोमीटरचे कण आरपार जातात आणि 'विरघळलेले' म्हणून मोजले जातात. त्यासाठी डायलिसिस किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे कणांनाही अडवणारा फार बारीक छिद्रांचा पडदाच हवा. उलट बाजूने, मुळाला चिकटलेला कण मुळाच्या आम्ल स्रावात जागेवरच विरघळला, तर तो आयन भांड्यातल्या नमुन्यात दिसतच नाही. ही दुसरी त्रुटी जास्त दिशाभूल करते. तिसरी अडचण, कणाशेजारी विरघळणारा क्षार तपासताना, तुलनेच्या मात्रेची. झिंक ऑक्साइडमध्ये ८० टक्के जस्त असते, सात पाणी-रेणूंच्या शुद्ध झिंक सल्फेटमध्ये २२.७ टक्के. म्हणजे १०० मिलिग्रॅम ऑक्साइडसमोर सुमारे ३५३ मिलिग्रॅम सल्फेट हवे; वजनाला वजन ठेवले की तुलनाच मोडते. शिवाय कण गुठळ्या करून तळाशी बसतात. अल्ट्रासॉनिक बाथमधून काढल्यावर द्राव लगेच वापरला नाही, तर डिशमध्ये नेमकी किती मात्रा पडली हे सांगता येत नाही.

२०१० मध्ये सोयाबीनच्या मुळांची क्ष-किरण शोषणाने, म्हणजे धातू कोणत्या रूपात आहे हे दाखवणाऱ्या पद्धतीने, तपासणी झाली. मुळात झिंक ऑक्साइड सापडलेच नाही, जस्त आयनरूपात होते. सेरियम या दुसऱ्या धातूच्या ऑक्साइडचे कण मात्र जसेच्या तसे होते. एकच कसोटी सगळ्या ऑक्साइडना लावता येत नाही, हे इथे उघड झाले. २०१२ मध्ये मातीत वाढवलेल्या सोयाबीनमध्ये सेरियम ऑक्साइडच्या जास्त मात्रेने मुळांवरच्या गाठींतले नत्र स्थिरीकरण घटले. पेट्री डिशमध्ये हे कधीच कळले नसते.

मातीने पुढे आणखी फरक पाडला. २०१५ मध्ये गव्हावर दिसले की झिंक ऑक्साइडचे कण आम्ल जमिनीत मुळे खुंटवतात, चुनखडीयुक्त जमिनीत तो परिणाम बराच सौम्य होतो. महाराष्ट्रातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींसाठी ही बाब महत्त्वाची आहे: तिथे जस्त कमी विरघळते आणि चुन्यावर अडकते, म्हणून जस्ताची कमतरताही तिथेच. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीला तेच निकाल लावता येणार नाहीत.

भारतात खत नियंत्रण आदेशाखाली २०२१ मध्ये नॅनो युरिया आला आणि २०२४ मध्ये द्रवरूप नॅनो झिंक. या दोन्हींची फवारणी पानांवर होते, आणि वर सांगितलेले जवळपास सगळे प्रयोग मुळांवरचे आहेत.