गारठलंय की आजारी पडलंय? नाशिकच्या थंडीतलं घरचं कासव

डिसेंबर लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, कासव तीन दिवस झाले काही खात नाही, नुसतं पडून आहे. थंडीमुळेच ना?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. जिथून कासव आणलं त्या दुकानदारानेही तेच सांगितलेलं असतं, थंडीत कासवं झोपतातच. मीही पहिल्या हिवाळ्यात हेच धरून बसलो होतो. त्या कासवाला न्यूमोनिया झाला होता.

आपल्याकडे काचेच्या टँकमध्ये दिसणारं कासव बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर असतं. डोळ्यामागे लाल पट्टा, लहानपणी पोपटी कवच. मूळ अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. तिथे हिवाळ्यात ते तळ्याच्या तळाशी जाऊन महिनोन्‌महिने पडून राहतं, ही गोष्ट खरी. पण तिथलं पाणी थंड असतं आणि थंडच राहतं, त्यामुळे शरीराचा सगळा कारभार एकदाच मंदावतो. आपल्याकडे पहाटे पारा १०च्या आसपास, निफाडकडे त्याहून खाली, आणि दुपारी स्वेटर काढून हातात घ्यायची वेळ. बाल्कनीतल्या छोट्या टँकचं पाणी या हेलकाव्याबरोबर खालीवर होतं. १५ ते २० अंशांच्या मधे कासव ना धड झोपतं, ना धड जागं राहतं. पोटातलं अन्न पचत नाही, रोगाशी लढायची ताकद उतरते. म्हणजे साधा गारठा आणि आजार एकाच दारातून आत येतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते.

तेव्हा कासवाकडे बघण्याआधी पाण्यात थर्मामीटर टाका. मत्स्यालयाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. हात घालून "कोमट आहे की" म्हणू नका. आपला हात स्वतःच गार असतो.

पाणी १८ अंश आहे आणि कासव मंद आहे, तर आधी संशय थंडीवर. नुसत्या गारठलेल्या कासवाची सगळी हालचाल सारख्या प्रमाणात मंदावते. पाय हळू, मान हळू, पण उचललं की पाय आत ओढतं, डोळे उघडे आणि स्वच्छ असतात, नाक कोरडं असतं, पोहताना सरळ राहतं. पाणी हळूहळू, दिवसभरात, २५-२६ अंशांवर आणलं आणि बसायच्या दगडावर बल्बची ३०-३२ अंशांची ऊब दिली, तर एक-दोन दिवसांत ते हिंडायला लागतं, मग खायला मागतं. एकदम गरम पाणी ओतू नका. आणि ऊब येईपर्यंत खाऊ घालू नका, कारण थंड पोटात अन्न कुजतं.

आजाराची चाल वेगळी. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे कासव एका अंगावर कलून तरंगणं. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली, दोन बाजूंना असतात आणि पाण्यात तीच त्याला तोलून धरतात. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबे बांधतात ना, तसं समजा. एका डब्यात पाणी शिरलं तर पोरगं कलणारच. न्यूमोनियात एका फुप्फुसात स्राव साचला की ती बाजू खाली जाते. कधी पोटातल्या वायूमुळेही कासव कलतं, पण तो निवाडा घरी करायचा नाही. डॉक्टर एक्स-रे काढून बघतात.

दुसरी खूण नाकाची. पाण्यात डुबकी मारताना दोन-चार बुडबुडे सुटले तर काळजी नको. कोरड्या दगडावर बसलेलं असताना नाकपुडीवर फुगे येत असतील, चिकट शेंबूड दिसत असेल, तर तो आजार. तिसरी, मान ताणून, तोंड उघडून श्वास घेणं. एखादी जांभई सोडून द्या. दर श्वासाला तोंड उघडतंय का ते बघा. शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज कधी ऐकू येतो, कधी येत नाही. कासवाला आपल्यासारखं छातीखालचं पडद्याचं स्नायूपटल नसतं, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. आत साचलेलं आतच राहतं.

आणि पाणी आधीपासूनच २५ अंश असताना कासव पडून असेल, तर थंडीचं नावही घेऊ नका.

सुजून मिटलेले डोळे मात्र दोन्हीकडे ओढले जातात. "झोपलंय" असं घरच्यांना वाटतं ते बऱ्याचदा यामुळेच. वर्षभर डबीतली सुकी कोळंबी एवढंच खाल्लेल्या कासवात 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता होते, पापण्या सुजतात, श्वसनमार्गाचं अस्तर बिघडतं आणि मग न्यूमोनियाही सहज जडतो. नुसते डोळ्यांत थेंब घालून हे जात नाही. चांगलं तयार खाद्य, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा हे पुढच्या वर्षासाठी, आत्ता डॉक्टर.

डॉक्टरकडे नेईपर्यंत पाणी २८ अंशांच्या आसपास ठेवा आणि उथळ ठेवा, पोहल्याशिवाय नाक बाहेर काढता येईल इतकं. काचेचा हीटर असेल तर त्याला जाळीचं कव्हर हवंच, स्लायडर धडक मारून तो फोडतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा आणि लिहून ठेवा (काटा नंतर धुवा, हातही, धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असतो, अमेरिकेने याच कारणावरून १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली). माणसांचं अँटिबायोटिक चुरून पाण्यात टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे, तरी दर हिवाळ्यात कुणीतरी करतंच.

नेताना पाण्याच्या बादलीतून नेऊ नका. अशक्त कासव चार बोटं पाण्यातही बुडतं. झाकणाला भोकं पाडलेला कोरडा डबा, खाली ओलसर टॉवेल, बाहेरून गरम कपडा, बस. आपल्याकडचे बरेच पशुवैद्य कुत्री-मांजरं आणि गाई-म्हशी बघणारे. विदेशी प्राणी बघणारा डॉक्टर शोधायला दोन-चार फोन जास्त लागले तरी करा. एक गोष्ट मात्र कुणासमोरही न लाजता विचारा: "यात आयव्हरमेक्टिन नाही ना?" जनावरांच्या जंतांवर सर्रास वापरलं जाणारं हे औषध कासवांना मारक ठरतं. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

घरात पिवळ्या चांदण्यांच्या कवचाचं कासव असेल तर गोष्टच वेगळी. ते स्टार कासव, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. घरी ठेवणं गुन्हा. ते आजारी असो की ठणठणीत, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि स्लायडर आजारी पडलं म्हणून "गंगेत सोडून देऊ" म्हणत कुणी रामकुंडाकडे निघालं असेल तर त्याला दारातच अडवा. आजारी जीव तिथे तगायचा नाही, आणि तगला तर गोदावरीतल्या आपल्या कासवांच्या जागेवर आणि अन्नावर बसेल.