धातूतली वीज वेगळी, वितळलेल्या मिठातली वेगळी

'धातूत आयन मोकळे असतात म्हणून वीज वाहते.' दहावीच्या पोरांच्या पेपरात दरवर्षी हे वाक्य येतंच, आणि क्लासच्या नोट्समध्येसुद्धा. अहो, आयन म्हणजे प्रभार असलेला अणू, आणि हे वाक्य वितळलेल्या मिठाचं आहे, धातूचं नाही!

मिठाचं तर पाठच असतं, सोडियमनं इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीननं घेतला, धन-ऋण आयन एकमेकांना धरून बसले. धातूत बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंनीच सोडलेत आणि घेणारा कुणीच नाही, म्हणून ते अख्ख्या तुकड्याचे सामाईक झाले. धन आयन जागेवर, इलेक्ट्रॉन त्यांच्यामधून फिरते, आणि या दोघांतली ओढ म्हणजेच धातुबंध.

आता वीज. घन मिठात आयन अडकलेले, म्हणून वीज नाही. ८०१ अंशाला मीठ वितळलं की आयन सुटतात आणि प्रभार तेच नेतात, पण त्यांच्याबरोबर पदार्थच सरकतो, एका इलेक्ट्रोडवर सोडियम जमतो, दुसऱ्यावर क्लोरीन वायू सुटतो, म्हणजे वीज सोडाल तसं मीठ संपत जातं. धातूत असं काही होत नाही. १९०१ साली रिके नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं तांबं, मध्ये ॲल्युमिनियम, परत तांबं असे दंडगोल एकमेकांना टेकवून त्यातून जवळपास वर्षभर वीज सोडली आणि मग वजनं केली, तर वजनात फरकच नाही. आयन वाहत असते तर तांबं ॲल्युमिनियममध्ये शिरलं असतं की! हा प्रयोग शाळेत सांगितलाच पाहिजे, नुसत्या व्याख्या पाठ करून हे डोक्यात बसत नाही.

विट्याच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणाऱ्यांच्या, मुशीत सोनं १०६४ अंशाला वितळतं, तेव्हाही त्यातून वीज नेणारे इलेक्ट्रॉनच. त्यामुळं 'वितळलं की वाहक' हा मिठाचा नियम धातूला लावू नका. उलट तार तापली की आयन जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉनला अडथळा होतो, रोध वाढतो. वितळलेलं मीठ आणखी तापवलं तर आयन जास्त सहज सरकतात आणि वाहकता वाढते.

चकाकी आणि उष्णतेचं वहन ही त्याच मोकळ्या इलेक्ट्रॉनची कामं, त्यात गोंधळण्यासारखं काही नाही. द्रवणांकाचं एवढंच की 'सगळे धातू उशिरा वितळतात' असं लिहू नका, सोडियम ९८ अंशालाच वितळतो.

राहिला ठिसूळपणा. खड्याच्या मिठावर हातोडी मारली की थर सरकून धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येतं, ते एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. धातूत थर सरकला तरी समोर तसलाच आयन आणि मध्ये तेच इलेक्ट्रॉन, बंध तुटतच नाही, म्हणून तर मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारी तार ओढून बारीक करता येते. शुद्ध सोनं दागिन्याला मऊ पडतं तेही याच सरकण्यामुळं, आणि त्यात थोडं तांबं घातलं की लहान आकाराचे अणू मध्ये येऊन थर अडतात, सोनं कडक होतं.